अठ्ठेचाळीस मेगापिक्सलचे अण्णा

अण्णांच्या दशक्रियेला पिंपळवंडीच्या चौकात जो फ्लेक्स लागला, त्यात अण्णांचं असं फक्त डोकं होतं. मानेखालचा पांढरा कोट, खिशातला रुमाल आणि छातीवरचं उपरणं हे सगळं फ्लेक्सवाल्या ऋतिकच्या कॉम्प्युटरमधलं होतं, आणि त्या एका महिन्यात तोच कोट घालून आसपासच्या गावांतले आणखी तिघे वारले होते. सोपानअण्णांनी उभ्या जन्मात कोट घातला नव्हता. डोकंही लग्नाच्या एका ग्रुप फोटोतून कापून इतकं ताणलं होतं, की जवळून ते न्हाणीच्या फरशीसारखं दिसत होतं. अण्णांच्या बायको साळुबाई रिक्षातून उतरल्या, त्यांनी वर पाहिलं, रीतीप्रमाणे हात जोडले आणि लेकीला हळूच विचारलं, "कोन गेलं गं?"

ही लेक म्हणजे तेजस्विनी. ती मंचरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर कुठल्या कपाटात आहे ते तिला साधारण ठाऊक असे. हा प्रश्न मात्र अकरा महिने तिच्यासोबत जाऊन-येऊन होता. वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं, तेव्हा ती सुट्टी काढून घरी आली आणि थोरल्या भावाला म्हणाली, "दादा, जेवणं किती घालायची ती घाल, कीर्तन कुणाचं ठेवायचं ते ठेव. पण ह्या वेळी फ्लेक्सवर आईला अण्णा ओळखू आले पाहिजेत."

"एवढंच ना?" गोरख म्हणाला.

गोरख 'एवढंच ना' म्हणाला की घरातले सावध होत. विहिरीवरची मोटर स्वतः खोलण्याआधी तो हेच म्हणाला होता.

अडचण अशी होती, की अण्णांचा फोटो नव्हता. जे थोडे होते ते गोरखच्या जुन्या मोबाईलमध्ये होते आणि तो मोबाईल टोमॅटोवर फवारणी करताना औषधाच्या टाकीत पडला होता. लग्नांचे अल्बम होते. पण अण्णा प्रत्येक लग्नात पंगतीत वाढायला असत. त्यामुळे प्रत्येक अल्बममध्ये त्यांचा एक हात, एक बादली आणि टोपीची मागची बाजू मिळे. पुढून चेहरा एकाच फोटोत होता: शेवटच्या रांगेत, दोन फेट्यांच्या मधोमध, भुईमुगाच्या दाण्याएवढा.

"घरात कॅमेराच न्हाई, हे खरं दुखनं हाय," गोरखने निदान केलं. "कॅमेरा घ्यायचा आन् त्या लग्नातल्या फोटूचा फोटू काढायचा. फोटू दोन मेगापिक्सलचा आसंल, कॅमेरा अठ्ठेचाळीसचा. बेरीज कर की."

"तशी बेरीज होत नाही, दादा."

"तू पुस्तकातली. तुला मशीनरीतलं काय कळतंय?" मग त्याने ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या आईकडे एक नजर टाकली आणि आवाज उतरवला. "शिवाय पुढंमागं लागंलच की. आयत्या टायमाला पुन्हा कोटात घालायचं का?"

साळुबाईंचा लसूण सोलायचा हात थांबला नाही. पण त्यांना ऐकू चांगलं येत असे.

कॅमेरा घ्यायला गोरखने बरोबर जानकूला घेतलं. जानकू बेल्ह्याच्या बाजारात बैलांची दलाली करायचा, आणि वस्तू कुठलीही असो, पारख ती पारख, असं गोरखचं मत होतं. नारायणगावच्या दुकानात जानकूने कॅमेरा हातात तोलला, बॅटरीचं झाकण उघडून आत पाहिलं आणि विचारलं, "किती हातं फिरलंय?"

"नवीन आहे, मामा," दुकानदार म्हणाला. तो भला माणूस होता. त्याने दोघांना समजावून सांगितलं, की मेगापिक्सल म्हणजे सगळं नव्हे. आतला सेन्सर मोठा हवा, भिंग चांगलं हवं. त्याने एक वीस मेगापिक्सलचा कॅमेरा दाखवला आणि हाच घ्या म्हणाला.

"म्हंजी कासंचा आकार बघू नका, धार बघा," जानकू म्हणाला.

"अगदी बरोबर."

"ह्यो बरुबर बोलतोय, गोरख."

पण तोवर गोरखला दुसऱ्या एका खोक्यावरचा '48' हा आकडा दिसला होता. दहा एचपीच्या मोटरशेजारी वीस एचपीची मोटर ठेवली तर शहाणा माणूस कुठली घेईल, हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. झूमही शंभर पट होता. "भीमाशंकरच्या कळसावरचा कावळा हितनं दिसंल," तो म्हणाला, आणि अठ्ठेचाळीस घेऊन घरी आला.

घरी आल्यावर त्याने कॅमेरा देवापुढे ठेवला. हळदीकुंकू लागलं, उज्ज्वलावहिनीने पेढा ठेवला. मग पडद्यावर कोपऱ्यात एक आकडा दिसला: १८६०. गोरखने माहितीपत्रक वाचलं. कार्डात अजून एवढेच फोटो मावतील, असा त्याचा अर्थ होता. गोरखचा जीव कळवळला. घरातली माणसं किती, सणवार किती, आणि फोटो अठराशे? त्याने बटणं दाबत दाबत मेनू शोधला. तिथे फोटोचे चार आकार होते, वरून खाली लहान होत जाणारे. एक पायरी उतरल्यावर आकडा दुप्पट झाला. आणखी एक उतरल्यावर आणखी वाढला. सगळ्यात खालच्या पायरीवर कॅमेऱ्याने ९९९९ दाखवलं आणि पुढे मोजायचं सोडून दिलं.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "दुकानदारानं सांगितलं का हे? न्हाई. कार्डं खपायची बंद व्हतील ना त्येंची."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खाटेवर अल्बम उघडून ठेवला गेला. गोरखने झूम शंभरावर नेला. दाण्याएवढे अण्णा पडदाभर झाले. त्याने फोटो काढला, आणि सगळे वाकून पाहू लागले. काळे, तपकिरी आणि पिवळट असे चौकोन दिसत होते.

"प्लास्टिकचा कागुद चमकतोय," गोरख म्हणाला. कागद काढला. चौकोन तसेच. उन्हातून खाट सावलीत आली, सावलीतून पडवीत गेली. चौकोनही बरोबर गेले.

साळुबाईंनी चष्मा पुसून एकदा पाहिलं. तीस वर्षं त्यांनी डेअरीला दूध घातलं होतं. "डेअरीत पानी घातल्यालं दूध न्यायचं, आन् किटली पितळंची हाय म्हनायचं," त्या म्हणाल्या. "फॅट लागंल का रं त्यानं?"

तेजस्विनीने दोन दिवस लेन्स आणि सेन्सर यांवर जे वाचून काढलं होतं, ते सगळं एवढंच होतं.

"आता काढलाच हाय भाईर तर आईचं बी काढू चार," गोरख घाईघाईने म्हणाला. वहिनीने आतून नवं इरकल आणलं. साळुबाईंना खुर्चीत बसवलं. गोरखने एक डोळा मिटला. "आई, हसू नगं जास्त."

"का?"

"बरं न्हाई दिसत."

"कुठं बरं न्हाई दिसत?"

गोरख कॅमेऱ्याचा पट्टा नीट करू लागला.

"वर बघू का?" साळुबाईंनी विचारलं. "जरा आभाळाकडं? त्या कोटवाल्यावानी?"

"आई, दादाला तसं नव्हतं म्हणायचं," तेजस्विनी म्हणाली.

"मला म्हाईत हाय त्येला कसं म्हनायचं व्हतं. काढ रं. हात भरून येत्याल तुझं." आणि त्या कॅमेऱ्याकडे अशा रोखून बघत राहिल्या, की गोरखने काढलेल्या दोनशे बारा फोटोंपैकी एकाही फोटोकडे नंतर त्याला नीट बघवलं नाही.

वर्षश्राद्धाला चार दिवस उरले, तेव्हा तिघं आळेफाट्याला ऋतिकच्या दुकानात गेली. साळुबाई हट्टाने आल्या. "मागल्या येळी मी न्हवते, तर धड बदललं," त्या म्हणाल्या.

ऋतिकने कार्ड लावलं. एकामागून एक फोटो उघडून पाहिले.

"भाऊ, कॅमेरा कितीचा आहे?"

"अठ्ठेचाळीस," गोरख म्हणाला.

"आणि तुमी त्यातला अर्धा मेगापिक्सल पण वापरलेला नाय. हे सगळ्यात लहान साईजवर आहे. अण्णांचं सोडा, आजींचे पण सगळे गेले. असा फोटो स्टँपाएवढा छापला तर चांगला येईल. दहा फुटाला नाय."

"पर कार्डात धा हजार मावत्यात."

"मावतील की. पोस्टाचं तिकीट लय मावतं."

तेजस्विनीने मान दुसरीकडे वळवली. हसू येत होतं, आणि त्याच वेळी चार दिवसांनी चौकात आई पुन्हा हात जोडून कुणाला तरी नमस्कार करणार, हेही दिसत होतं.

"थांबा, एआय मारून बघतो," ऋतिक म्हणाला. त्याने ते चौकोन यंत्राला खाऊ घातले. मिनिटभराने पडद्यावर एक गृहस्थ आले. गाल गुळगुळीत, मिशी कोरलेली, दात एकसारखे. टीव्हीवरच्या हिंदी मालिकेत सुनांना आशीर्वाद देणाऱ्या सासऱ्यासारखे ते हसत होते.

गोरख खूश झाला. "आता कसं! आई, बघ की."

साळुबाईंनी निरखून पाहिलं. "लई देखना हाय," त्या म्हणाल्या. "पर ह्यो माझा न्हवं."

ऋतिकने ते गृहस्थ पडद्यावरून काढून टाकले. मग साळुबाईंनीच विचारलं, "पोरा, फोटू किती साफ पायजे तुला?"

"आजी, मोठा केला तरी मिशीतला केस न केस मोजता आला पायजे."

"कानातला नंबर वाचता आला तर चालंल?"

"कुणाच्या कानातला?"

"चंद्रीच्या."

चंद्री त्यांची गाय. दोन वर्षांपूर्वी तिचा विमा काढायला गोकुळ डॉक्टर आले होते. कानात पिवळा बिल्ला मारायचा आणि मालकाला शेजारी उभं करून असा फोटो काढायचा, की बिल्ल्यावरचे बाराच्या बारा आकडे वाचता येतील, अशी कंपनीची अट असते. चंद्री मान हलवायची, म्हणून डॉक्टरांनी तो फोटो चार वेळा काढला होता. अण्णांना मात्र ते एकदाही 'नीट उभे राहा' म्हणाले नव्हते.

"मानसाचं कसंबी चालतं," साळुबाई म्हणाल्या. "गाईचा आकडा चुकून चालत न्हाई."

तेजस्विनीने तिथूनच फोन लावला. फोटो होता. "गाय गेल्यावर भांडणं होतात, म्हणून मूळ फाईल ठेवतो मी," डॉक्टर म्हणाले. तिने तो आहे तसा, मेलवर मागवला. ऋतिकने उघडला आणि मोठा केला. आणखी मोठा केला. चौकोन आले नाहीत. अण्णा आले. बंडी, टोपीवर चाऱ्याची काडी, एक हात गाईच्या मानेवर. ते कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते, चंद्रीकडे बघून हसत होते. डाव्या जबड्याखाली नेहमीप्रमाणे दाढी राहिलेली होती.

"कुठल्या कॅमेऱ्याचा म्हणायचा हा?" गोरखने विचारलं.

"मोबाईलचा," तेजस्विनी म्हणाली. "काच फुटलेला आहे, म्हणाले." आणि ती पाणी प्यायला बाहेर गेली. बाटली तिच्या पर्समध्येच होती.

ती परत आली तेव्हा गोरखचं चाललं होतं, की गाय काढून टाक. ऋतिकने काढली. फ्लेक्सवर त्या जागी सोसायटीच्या चेअरमनचा फोटो ठरलेला होता, तो लावला. आता अण्णा अतिशय मायेने चेअरमनकडे बघून हसत होते आणि त्यांचा हात चेअरमनच्या मानेवर होता. शेताच्या बांधाच्या भांडणावरून अण्णा त्या गृहस्थाशी अकरा वर्षं बोलले नव्हते.

"गाय ऱ्हाऊ दे," साळुबाई म्हणाल्या. ह्या वेळी कुणी वाद घातला नाही.

वर्षश्राद्धाच्या सकाळी त्या चौकात उतरल्या. फ्लेक्स दहा फुटी होता. चंद्रीच्या कानातला नंबर रस्त्यापलीकडून वाचता येत होता. बेल्ह्याहून आलेला जानकू खाली उभा राहून हळहळत होता, "आण्णा गेल्यालं म्हाईत व्हतं. एवढी गुनाची गाय कवा गेली?" साळुबाईंनी वर पाहिलं. हात जोडले नाहीत. पदर सावरत त्या म्हणाल्या, "दाढी परत अर्धीच केली बघ."

पुढच्या आठवड्यात विम्याचं नूतनीकरण होतं. गाय आता साळुबाईंच्या नावावर करायची होती. गोठ्यात त्या रोजच्या लुगड्यात दावं धरून उभ्या राहिल्या. गोरख कॅमेरा घेऊन पुढे झाला. आता तो पुरत्या अठ्ठेचाळीसवर होता आणि कार्डात अठराशेच मावत होते.

"आई, जास्त हसू..."

"भाऊ, बाजूला व्हा, बिल्ल्यावर सावली पडतेय," गोकुळ डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फुटक्या काचेचा मोबाईल वर धरला. "मावशी, तुम्ही कशाही उभ्या राहा. तुमचं काही काम नाही."

हे ऐकून साळुबाई हसल्या, वरचे दोन दात नसल्याचं विसरून. चंद्रीने मान हलवली; फोटो आणखी तीनदा काढावा लागला.

डॉक्टर मोबाईल खिशात घालू लागले, तशी तेजस्विनी पुढे झाली. "डॉक्टर, हे चारही मला पाठवा. मूळ साईजमध्ये, मागच्यासारखे मेलवर."

"गाईचे?"

"हो," ती म्हणाली. "गाईचेच."