हमीदभाईंचा अमेरिकेचा पोर्शन

दर शुक्रवारी संध्याकाळी समोरच्या खोलीतले हमीदभाई केस चापून बसवतात, काखेत वही घेतात आणि आमच्या दारात येऊन म्हणतात, "वहिनी, घ्या परीक्षा."

परीक्षा अमेरिकेची. घेणारी मी, चौथी पास.

हमीदभाई रत्नागिरीकडचे. इथे आखातात, मीना अब्दुल्ला गावच्या गोदामात कामाला आहेत. बायको वारली. एकुलती एक रझिया इथे महबूल्यातच वाढली आणि शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत कॉलेजला गेली. तिथे जाऊन तिने विषय घेतला अमेरिकाच! कोणी सायन्स घेतं, कोणी कॉमर्स. हिने अख्खा देश घेतला. त्यात म्हणे इतिहास आहे, गाणी आहेत, सिनेमे आहेत, जेवणखाणसुद्धा आहे. एवढं सगळं मिळून एकच विषय कसा, ते मला कळत नाही. पुढे नोकरी कसली, तेही नाही.

"तिकडच्यांना स्वतःचा देश ठाऊक नाही होय, म्हणून आपली पोर जाऊन शिकतेय?" आमच्या ह्यांनी एकदा विचारलं.

"तुम्ही एसी दुरुस्त करा," हमीदभाई म्हणाले. "वहिनी, पुढचा प्रश्न. पोर्शन पुरा व्हायला हवा."

प्रश्न हमीदभाईच लिहून आणतात. मराठीत, मोठ्या अक्षरांत, मला वाचता यावेत म्हणून.

"लोकांनी चहा समुद्रात का टाकला?"

"राजाने कर लावला!" प्रश्न संपायच्या आत उत्तर.

राग राजावर, मग चहाने काय केलं होतं? मी गोंधळते. पण उत्तर बरोबर असतं. चुकलं तर हमीदभाई शाळेतल्यासारखे आपणहून उभे राहतात.

एवढा अभ्यास रझियाच्या फोनसाठी. "बरी आहेस?" "फाइन." "जेवलीस?" "येस." दोन मिनिटांत "ओके अब्बा, बाय."

"अमेरिकेचं विचारलं की पाच मिनिटं बोलते, वहिनी."

गेल्या शुक्रवारी प्रश्न रझियानेच पाठवले होते. घर सोडून परमुलखात गेलेल्या एका माणसाची हकिकत तिला कॉलेजात लिहून द्यायची होती. हमीदभाई भलतेच खुशीत. त्यांनी प्रश्न मराठीत उतरवून आणले, तिला फोन लावला आणि तो टेबलावर ठेवला. "ऐक आता माझी परीक्षा."

मी वाचलं, "गाव सोडताना तुम्हाला पोचवायला कोण आलं होतं?"

 हमीदभाईंनी वही उघडली, पानं उलटली, मिटली.

"वहिनी, हे पोर्शनमध्ये नव्हतं."

आणि ते उभे राहिले.

पुढचा प्रश्न वाचावा की नको, मला सुचेना. ह्यांनी टीव्ही बंद केला. फोनमधून रझियाचा आवाज आला, चक्क मराठीत. "सांगा ना, अब्बा. मी थांबते."

हमीदभाई हळूच खुर्चीत बसले.

"आई आली होती. एसटीपर्यंत. फडक्यात अंडी बांधून दिलीन, उकडलेली. मी ती खाल्लीच नाहीत."

"का?" रझियाने विचारलं.

वहीत मार्क मी मांडते. ह्याला किती द्यावेत, मला कळेना. दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती. फोन चालूच होता.