दुसऱ्या कपावरील चर्चासत्र

माणूस या जगात एकटा आहे, हे सत्य एकट्यादुकट्याने समजून घेण्याजोगे नाही. त्यासाठी मंडळ लागते, मंडळाला अध्यक्ष लागतो आणि अध्यक्षाला शाल लागते. नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या ‘शून्यार्थ चित्र-काव्य मंडळा’त या तिन्हींची उत्तम सोय आहे. मंडळाच्या पाहणीनुसार ऐंशी टक्के सभासदांना जगणे निरर्थक वाटते. (उरलेले अजून पार्किंग शोधत असतात.)

दर महिन्याला आधी एक परदेशी चित्रपट होतो. त्यात एक माणूस बराच वेळ खिडकीतून बाहेर बघतो. मग बटाटेवडा, आणि वड्यानंतर एकाकीपणावरच्या कविता. वडा गार असला की कविता जास्त गहिऱ्या होतात, असा आमचा अनुभव आहे.

परवा ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले कोंडाजी पहिल्यांदाच आले. बाहेरच्या फलकावर ‘एकटेपणावर बोलू या’ असे वाचून ते खरोखरच बोलायला आले होते. (फलक रंगवताना ही काळजी घ्यायला हवी होती.) सूत्रसंचालक मंजुषाताईंनी त्यांना माईकपाशी बोलावून ओळख करून द्यायला सांगितले.

“आमची बायको कुसा गेली तवापासून घरात करमत नाय,” कोंडाजी म्हणाले. “सवयीनं दोन कप चहा टाकतो. एक पितो, दुसरा मोरीत ओततो.”

“वाहवा! पुन्हा एकदा!” सभागृह दणाणले.

कोंडाजींनी गोंधळून पुन्हा सांगितले. या खेपेला आवाज कापला, त्यामुळे दाद वाढली. मग ते हळूच म्हणाले, “कोणी येतं का चहाला? घर मागच्याच गल्लीत हाय.”

यावर सांगोपांग चर्चा झाली. अध्यक्षांच्या मते मोरी अस्सल होती, पण शेवटची ओळ फार उघडी पडली. दुःख काही मागू लागले की कलाकृती ढासळते. ती ओळ वगळण्याचा ठराव एकमताने संमत झाला. कोंडाजींना श्रीफळ देण्यात आले. ते घेऊन ते घरी गेले.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही सगळे मागच्याच गल्लीत गेलो, कारण गाड्या तिथे लावल्या होत्या. कोंडाजी खिडकीत उभे राहून आमच्याकडे बघत होते.

“काय फ्रेम आहे!” अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी फोटो काढला.

वाचकहो, सुरुवातीची खिडकी शेवटी कशी जुळून आली, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. म्हणजे तुम्ही सभासदत्वाला पात्र आहात. (चहाला कोणी गेले का, हा प्रश्न कलाबाह्य आहे. तुम्हीही तो विचारला नाहीत.)