दशरथचा अर्थशास्त्राचा पेपर

दशरथ पुस्तकांना बैलांची नावं ठेवायचा. इंग्रजीचं पुस्तक 'मारक्या', इतिहासाचं 'बसक्या'. वाचायला घेण्याआधी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचा. मी हसलो की म्हणायचा, "आंधी गोंजारा लागते, लेका. एकदम जुपलं तं बिथरते."

एकोणसाठ साली आम्ही यवतमाळला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. एकाच खोलीत राहायचो. मी बाभुळगावचा, तो मुकुटबनजवळच्या तांड्यातला. त्याचे आजोबा बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेले, वडील शेती करणारे. तांड्यातून कॉलेजात आलेला हा पहिलाच. मोठ्यानं वाचल्याशिवाय त्याला काही कळत नसे. लायब्ररीतून शिपायानं त्याला तीनदा बाहेर काढलं. चौथ्यांदा शिपाईच इतिहास ऐकत बसला.

विद्यापीठाची पहिली परीक्षा आली. सोमवारी इंग्रजीचा पहिला पेपर. प्रश्नपत्रिका हातात पडली आणि माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. अर्धा पेपर टाकून उठलो, खोलीवर जाऊन वळकटी बांधली आणि बाभुळगावची मोटार धरली. घरी सांगितलं, "झाली परीक्षा." आईनं दुसऱ्या दिवशी पुरण शिजत घातलं.

मंगळवारी सकाळी दारात सायकल वाजली. दशरथ! सदरा घामानं अंगाला चिकटलेला.

"काहून बापा, तुही बी झाली परीक्षा?" आईनं विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"नाई माय. आमची दोघायची बी हाय अजून. हा तारीख चुकला."

मग ओट्यावर बसून त्यानं सात पुरणपोळ्या खाल्ल्या. मला मागे बसवून सायकल यवतमाळकडे वळवली.

"आज तुझा पेपर नाही?" मी विचारलं.

"मले सुट्टी हाय आज. उद्या इंग्रजीचा दुसरा पेपर हाय ना? दोन्ही मिळून पास होता येते. घाबरून कायले राह्यला?"

चढावर तो धापा टाकत होता आणि धापांच्या मधून मला निबंध सांगत होता.

जूनमध्ये निकाल लागला. मी काठावर पास झालो. दशरथचा नंबर नव्हता. कॉलेजातून त्याची गुणपत्रिका मीच आणली. अर्थशास्त्रासमोर 'गैरहजर' लिहिलं होतं. तेवढा एकच विषय आमचा वेगळा होता, आणि त्याचं वेळापत्रक मी कधी पाहिलंच नव्हतं. पेपर मंगळवारी होता. अकरा वाजता.

"दशरथ, काहून केलं रे असं?"

तो ट्रंकेला दोरी बांधत होता. वर न बघता म्हणाला, "तू गेलता ना. खोलीत एकट्याले करमतच नव्हतं मले."

वडिलांनी त्याला पुन्हा पाठवलं नाही. तो तांड्यावर गेला त्या दिवशी मी त्याला मोटारीपर्यंत पोचवायलाही गेलो नाही. लाज वाटत होती.

पुढे बी. ए. होऊन मी मारेगावला मास्तर झालो. तिथून मुकुटबन काही लांब नाही. चार वर्षं दर शनिवारी ठरवायचो, उद्या जाऊ. त्याच्यापुढे काय बोलायचं ते सुचायचं नाही. त्यानं काही विचारलंच नसतं, हेही माहीत होतं. म्हणूनच गेलो नाही.