सोनवळकर काकांच्या चार डब्या

गेल्या उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी शेजारचे सोनवळकर काका मला घरी बोलवायचे, सोफ्यावर बसवायचे, डोक्यावरून गोधडी टाकायचे आणि म्हणायचे, "हं मोरे, आता बोला. पण हळू."

मे महिन्यात. पंखा बंद करून.

गोधडी का, तर आवाज भिंतींवर आपटून परत येऊ नये म्हणून. पंखा बंद, कारण त्याची घरघर माइकात जाते. त्याच कारणासाठी फ्रिजही बंद. तो पुन्हा चालू करायचं राहिल्यामुळे त्यांचं दूध दोनदा नासलं आणि दोन्ही वेळा काकूंनी त्याचं पनीर करून मलाच खायला घातलं.

काका मूळचे लातूरकडचे. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी जन्मभर तयार मालाची तपासणी केली. तिथून निवृत्त होऊन ते संत तुकाराम नगरात आमच्या शेजारी आले, पण तपासणी काही सुटली नाही. जगातली प्रत्येक गोष्ट एकतर 'ओके' असते, नाहीतर 'रिजेक्ट'. काकूंच्या पोळीची जाडी त्यांनी व्हर्नियरने मोजलेली मी स्वतः पाहिली आहे. त्या दिवशी काकूंनी त्यांना भात वाढला.

तर अशा माणसाच्या डोक्यात प्रीअँप नावाची डबी शिरली.

"माइकातून आवाज निघतो मुंगीएवढा," ते मला समजावायचे. "त्याचा हत्ती करायचा, हे या डबीचं काम. पण स्वस्तातली डबी असली की मुंगीच्या अंगावरची धूळपण हत्तीएवढी होतीय. मागं सूंऽऽ असं येतंय बघा, ती धूळ."

या धुळीला ते 'बर' म्हणत. कापलेल्या लोखंडाच्या कडेला जी बारीक खरबरीत धार राहते, तिला वर्कशॉपमध्ये बर म्हणतात. "आवाजाला बर हाय. रिजेक्ट!"

त्यांनी एकामागून एक चार डब्या मागवल्या. लाल, काळी, निळी आणि एक बिनरंगाची. प्रत्येकीपुढे मी तेच वाक्य बोलायचं : "आज भाजीत मीठ जरा कमी पडलंय." हे वाक्य काकांनीच निवडलं होतं आणि काकूंना ते बिलकुल आवडत नव्हतं.

"येवढ्या मोठ्यानं का बोलायलात? हळू!"

"काका, याहून हळू बोललो तर मलाच ऐकू येणार नाही."

"येऊ नये. तसंच पाह्यजे."

एकदा काका आत गेले असताना मी त्यांची वही उघडली. माझ्या नावापुढे शेरा होता : 'आवाज जाड. नमुना सोयीचा नाही. पण दुसरा कोणी येत नाही.'

आठवडाभर चाकणला शिफ्ट करून मिळणारी एकच सुट्टी मी अशी गोधडीखाली घालवत होतो, आणि वर हा शेरा! चौथ्या डबीच्या वेळी माझा तोल गेला. गोधडी भिरकावून मी ओरडलो, "काका, तुम्हाला गाणी म्हणायचीत का? चॅनल काढायचंय? चारही डब्या चांगल्या आहेत. माणसाचा आवाज स्वच्छ येतोय!"

"धडधाकट माणसाचा येतोय," काका म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहू लागले.

पुढचे दोन रविवार मी ओव्हरटाइमचं खोटं कारण सांगितलं. तिसऱ्या रविवारी काका पिशवी घेऊन दारातच उभे. "आज तुम्हाला बोलायचं न्हाई. निस्तं भोसरीपर्यंत चला. मोबाईलला हे सगळं जोडायला मला एकट्याला जमंना."

रिक्षात त्यांनी सांगितलं. शौकतभाई नावाचा त्यांचा दोस्त, तीस वर्षं त्यांच्या टेबलासमोरच्या प्रेस मशीनवर होता. काकांनी माल रिजेक्ट केला की तो चालू मशीनच्या वरताण आवाजात शिव्या घालायचा. दिवाळीत त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजाची नुसती हवा उरली. मुलगी सोलापूरला दिलेली. फोनवर तिला बापाचं काही कळत नाही, ती "अब्बा, ऐकू येईना" म्हणते. मग त्याने फोनवर यायचंच सोडलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पहिलीच डबी ओके म्हणला असता. तपासणीत दया चालत न्हाई, मोरे."

शौकतभाई खाटेवर बसले होते. पिशवीतली, शेवटी ओके ठरलेली बिनरंगाची डबी बघून त्यांनी हातानेच 'नको' केलं. काकांनी ऐकल्यासारखं दाखवलंच नाही. मी तारा जोडल्या, काकांनी दोस्ताच्या कानांवर हेडफोन चढवले.

"सोन्या, येडा झाला का तू?" शौकतभाईंचे ओठ हलले आणि ते एकदम थांबले. आपलाच आवाज त्यांना कानात ऐकू आला होता. त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. मग हळूच म्हणाले, "शब्बो, मैं अब्बा."

त्यानंतर ते बराच वेळ बोलले. आई तुला खोटं सांगते, मी औषधं वेळेवर घेतो. जावयाला म्हणावं गाडी सावकाश चालव. कैरीचं लोणचं घालशील तर मीठ बेताने घाल. मी ते रेकॉर्डिंग शब्बोला पाठवलं. शौकतभाईंच्या बायकोने, भाभींनी, चहा आणला, पण कपाला कोणी हात लावला नाही.

थोड्या वेळाने मोबाईल वाजला. शब्बोचा व्हॉइस मेसेज आला होता, अडखळत बोललेला. "अब्बा, और बोलो ना. कुछ भी बोलो."

शौकतभाईंनी काकांकडे पाहिलं. काका स्टूल ओढून अगदी जवळ बसले. टेबलावरचा माइक त्यांनी उचलला आणि दोस्ताच्या तोंडाशी धरला.

"काका, हातात धरल्यावर खरखर येईल. खाली ठेवा," मी म्हणालो.

"येऊ दे," काका म्हणाले, आणि त्यांनी दुसरा हातही माइकाला लावला.