आजोबांचा पक्का रंग

कुलूप लागलेली जुनी इमारत दिसली की सुब्बरावांची स्कूटर आपोआप हळू व्हायची. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम धरतात, देवळात जातात. सुब्बराव बंद दारांच्या फटींना डोळा लावून उभे राहू लागले. (एकदा पोलिसाने हटकलं होतं. ते त्यांनी घरी सांगितलं नव्हतं.)

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातला तीस वर्षं बंद असलेला रंगाचा कारखाना त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचा. तिथे त्यांचे आजोबा लुगडी रंगवायचे. "कापड फाटेल, पण आमच्या आजोबांचा रंग जाणार नाही," हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा माणूस कुवेंपुनगरात शोधावा लागला असता. कारखाना पाडायचं ठरलं तेव्हा मालकाने आजोबांचा रंग उकळायचा तांब्याचा हंडा त्यांना देऊन टाकला. रिक्षात हंडा सीटवर बसला आणि सुब्बराव ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या मांडीवर.

दिवाळी दोन दिवसांवर होती. लेक वरलक्ष्मी आणि जावई नागेंद्र पहिल्या दिवाळसणाला आले होते. जावयाची पहिली आंघोळ याच हंड्यातल्या पाण्याने, असं सुब्बरावांनी जाहीर करून टाकलं.

म्हैसुरात नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी न्हाणीतला हंडा घासून, चुन्याची बोटं ओढून, झेंडूची माळ घालून पाण्याने भरून ठेवतात. गंगाबाई चिंचेचा गोळा घेऊन आल्या, तर नवरा आडवा.

"घासायचं नाही. जुन्या वस्तूवरचा थर काढायचा नसतो. मासिकात आलंय. तो थर म्हणजे इतिहास."

"मग जावयाला इतिहासाने न्हाऊ घालायचं?"

"साध्या पाण्याने विसळ, पुरे."

"सुम्ने, उगीच हट्ट करताय," गंगाबाई म्हणाल्या, आणि थंड पाण्याने विसळून मोकळ्या झाल्या. पाणी स्वच्छ निघालं. बिचारीला काय ठाऊक, इतिहासाला ऊन पाणी लागतं.

पहाटे हंडा तापला, आणि न्हाणीतल्या मिणमिणत्या दिव्याखाली नागेंद्रला पाणी जरा लालसर वाटलं. शिकेकाईचं असेल, असं समजून त्या गुणी मुलाने बादल्यांमागून बादल्या ओतून घेतल्या. उजाडल्यावर तो अंगणात आला तो कानामागेसुद्धा डाळिंबी.

वरलक्ष्मी किंचाळली. आणि सुब्बरावांना सगळ्यात आधी काय वाटलं, खरं सांगायचं तर, अभिमान वाटला. लहानपणी दोरीवर वाळताना पाहिलेला तोच हा रंग. मग आठवलं, बारा वाजता व्याही-विहीण जेवायला येणार. ते न्हाणीत धावले, खात्री करायला हंड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि डाळिंबी हाताने चिंच घेऊन जावयाकडे निघाले.

"चिंच बेडा, नकोच," गंगाबाई थंडपणे म्हणाल्या. "थर निघून जाईल."

व्याही-विहीण आले, पानावर बसले. समोर बसलेल्या मुलाकडे पाहून विहीणबाईंचा घास हातातच राहिला. नागेंद्र म्हणाला, "अम्मा, सोमवारी ऑफिस आहे तेवढीच काळजी."

"हा रंग जाईल ना हो?" विहीणबाईंनी विचारलं.

आता इथे कुणीही शहाणा माणूस 'जाईल' म्हणाला असता. पण जन्माची सवय. "जाईल कसा?" सुब्बराव ताठ होऊन म्हणाले. "कापड फाटेल, पण आमच्या आजोबांचा रंग..."

गंगाबाईंच्या हातातला डाव पातेल्यात पडला. विहीणबाईंनी जेवण उरकलं, आणि जाताना मुलाला बरोबर घेऊन गेल्या. लेक रडत मागोमाग गेली.

चार दिवस घरात फराळाला कुणी हात लावला नाही. 'पोरीच्या संसाराची सुरुवातच बिघडवली,' असं सुब्बरावांना मनापासून वाटत होतं. पाचव्या दिवशी फोन आला. गंगाबाईंनी घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"गेला. साफ गेला. दोन आंघोळींत. विहीणबाई हसत होत्या."

"दोनच?" सुब्बरावांनी विचारलं.

"दोनच. देवाची कृपा, तुमच्या आजोबांचा रंग कच्चा निघाला."

सुब्बराव खुर्चीत खचले. लेकीचं संकट टळलं याचा आनंद होताच, पण आजोबांचं काय? मग त्यांनी हळूच उजव्या हाताची बाही वर केली. कोपरापर्यंत हात तसाच डाळिंबी होता.

"हे बघ. पाच दिवस झाले. याला कच्चा म्हणतात?"

गंगाबाईंनी हात वळवून वळवून पाहिला.

"अहो, पण दिवाळीपासून या हाताला तुम्ही पाणी लागू दिलंय कुठे?"