दुसरा ब्रेक

समोरून ट्रक आला आणि शिंप्याने स्टिअरिंग सोडून हात जोडले.

गाडी ड्रायव्हिंग स्कूलची होती, म्हणून शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक होता. तो त्यांनी दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, ट्रकवाला शिव्या देत निघून गेला, आणि शिंप्याने डोळे उघडून डॅशबोर्डवर चिकटवलेल्या देवाच्या तसबिरीकडे पाहिलं.

“वाचवलं हो त्यानं!”

“ब्रेक मी दाबला,” मास्तर म्हणाले.

“पण तुम्हाला बुद्धी कुणी दिली?”

यावर मास्तरांकडे उत्तर होतं, पण शिंप्याच्या शिकवणीच्या उरलेल्या वेळात ते मावलं नसतं.

मास्तरांनी उन्हाळ्यात देव सोडला होता. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. एका दुपारी कुणाला तरी गाडी मागे घ्यायला शिकवताना त्यांच्या एवढंच लक्षात आलं, की इतकी वर्षं ब्रेक आपणच दाबतोय. त्या दिवसापासून त्यांना झोप छान लागू लागली. घराबाहेर पडताना उजवा पाय आधी की डावा, हा प्रश्न मिटला. मांजर आडवं गेलं तर ते आता मांजरासाठी थांबत. अडचण एकच झाली. पूर्वी बायकोवर ओरडले की ते झोपताना देवाची माफी मागत आणि प्रकरण तिथेच संपे. आता माफी बायकोकडेच मागावी लागे, आणि ती देवासारखी गप्प बसून ऐकून घेत नसे.

ही गोष्ट तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. “मनात काय ते ठेवा,” तिने बजावलं होतं, “पण गाडीतल्या तसबिरीला हात लावू नका. मालकांनी लावलीय ती. पोटापाण्याचा प्रश्न आहे.”

ट्रकच्या प्रसंगानंतर मात्र मास्तरांनी त्या तसबिरीला हात लावला. ती सोडवून त्यांनी आपल्या पिशवीत ठेवली. डॅशबोर्डवर डिंकाचा एक चौकोनी डाग राहिला.

दुसऱ्या दिवशी शिंपी येऊन बसला, त्याने डाग पाहिला आणि किल्लीवरचा हात काढून घेतला.

“मास्तर, देव कुठे गेले?”

खरं सांगायला याहून चांगली वेळ आली नसती. मास्तरांनी तोंड उघडलं आणि तोंडातून बाहेर पडलं, “चौकट तुटली. दुरुस्तीला दिलीय.”

शिंप्याने थोडा विचार केला आणि डागालाच हात जोडले.

“अहो, तिथे काही नाहीये.”

“माहीत आहे.”

“मग?”

“जोडले की बरं वाटतं.”

मास्तर गालातल्या गालात हसले. त्या हसण्यात थोडी कीव होती, हे सांगून टाकलेलं बरं.

देव दुरुस्तीला गेल्याची बातमी दुपारपर्यंत सगळ्या शिकाऊ मंडळींत पसरली. नर्सबाईंनी पर्समधून एक छोटी तसबीर काढली. “चौकट येईपर्यंत असू दे,” म्हणून त्यांनीच ती चिकटवली. बेकरीवाल्याने आपली आणली. “आमचे जरा कडक आहेत,” तो म्हणाला, “पण खरचटूसुद्धा देत नाहीत.” शिंप्याने तर स्वतः शिवलेली झालर लावून भलीमोठी तसबीर आणली. एकाला नाही म्हणायचं तर सगळ्यांना म्हणावं लागणार, आणि सगळ्यांना म्हणायचं तर कारण द्यावं लागणार. मास्तरांनी सगळ्या लावू दिल्या. आठवडा संपायच्या आत डॅशबोर्डवर बोट टेकवायला जागा उरली नाही. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्यांची गत झाली.

स्कूलचे मालक एकदा खिडकीत वाकून सगळं बघून गेले. “मास्तर,” ते म्हणाले, “तुमची भक्ती बघून ऊर भरून येतो.”

मग शिंप्याच्या परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षा घेणारे साहेब मागच्या सीटवर बसले. मास्तर आपल्या ब्रेकपाशी. नियम सरळ होता, मास्तरांनी ब्रेक दाबला की उमेदवार नापास.

“वेग किती आहे आत्ता?” साहेबांनी विचारलं.

“दिसत नाही, साहेब.”

“का? काटा कुठाय?”

“नर्सबाईंच्या देवामागे.”

साहेब वाकून काटा शोधू लागले, तेवढ्यात वळण आलं. झालरवाली तसबीर सुटून घसरली. देव पायाखाली पडू नयेत म्हणून शिंप्याने दोन्ही हातांनी ती झेलली. झेल उत्तम होता. स्टिअरिंग मात्र कुणाच्याच हातात नव्हतं. मास्तरांनी ब्रेक दाबला.

संध्याकाळी मालकांनी बोलावून घेतलं. “ही जत्रा भरवली कुणी?”

मास्तरांना खोटं बोलायचा कंटाळा आला होता. “माझ्यामुळे भरली. आधीची चौकट तुटली नव्हती, तसबीर मीच काढली. माझा विश्वास राहिलेला नाही.”

“कशावर?”

“म्हणजे... देवावर.”

मालक खुर्चीतून उठले. “ज्याचा कशावरच विश्वास नाही, त्याच्या शेजारी मी लोकांची लेकरं बसवू?”

“शिंपी पन्नाशीचा आहे.”

“विषय बदलू नका. रविवारी माझ्या घरी या. तसबीर जागेवर गेली असेल तर गाडीची किल्ली तुमच्याकडे. नसेल तर माझ्याकडे.”

मास्तरांनी घरी येऊन सगळं सांगितलं. बायको वाटाणे सोलत बसली.

“लावणार?” तिने शेवटी विचारलं.

“नाही. पुन्हा कुणीतरी स्टिअरिंग सोडेल. आणि मला रोज खोटं बोलत बसायचं नाही. किल्ली देऊन येतो.”

“बरं. मग जाताना आपली गाडी मी चालवते.”

मास्तर दचकले. बायको त्यांच्याकडेच शिकली होती, पहिल्या फटक्यात पास झाली होती, आणि तेव्हापासून तिचं लायसन्स कपाटात कपड्यांच्या घडीखाली होतं. रस्ता ओला आहे म्हणून एकदा, रहदारी फार आहे म्हणून एकदा, रहदारी नसल्यामुळे लोक सुसाट येतात म्हणून एकदा, असं ते राहूनच गेलं होतं.

“तुमचा देवावर विश्वास नाही, ते समजलं,” ती म्हणाली. “माझ्यावर आहे का?”

“आहे की!”

“मग द्या किल्ली.”

रविवारी ती चालवायला बसली आणि मास्तर शेजारी. घरची गाडी साधी होती. पहिल्याच वळणावर मास्तरांचा पाय जोरात पायपुसण्यावर आदळला.

“काय करताय?”

“काही नाही.”

पुढच्या चौकात पुन्हा आदळला.

“अहो, तिथे ब्रेक नाहीये.”

“माहीत आहे.”

“मग?”

“दाबला की बरं वाटतं,” मास्तर म्हणाले, आणि त्यांना शिंपी आठवला.

त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली. डोळे उघडे असले की पाय खाली यायला बघत, म्हणून डोळेही मिटले. हात कुठे ठेवावेत ते कळेना, तेव्हा ते मांडीवर ठेवले. छाती धडधडत होती. आयुष्यात पहिल्यांदाच ते धावत्या गाडीत देवाशिवाय आणि ब्रेकशिवाय बसले होते. हळूहळू धडधड कमी झाली. बायको गिअर इतके अलगद बदलत होती, की हिला हे शिकवलं कुणी, असा त्यांना प्रश्न पडला.

सिग्नलला गाडी थांबली. शेजारच्या गाडीत प्रार्थनेहून परतणारे मालक होते. त्यांनी मांडी घालून, डोळे मिटून बसलेले मास्तर पाहिले आणि काच खाली केली.

“वहिनी,” ते कुजबुजले, “हे कधीपासून?”

“आजच सुरू केलंय,” बायको म्हणाली. “विश्वास ठेवायला शिकताहेत.”

“अहो, मी तरी दुसरं काय म्हणत होतो!”

मास्तरांनी डोळे उघडले. “मालक, गैरसमज नको. माझा देवावर विश्वास नाही.”

“कळलं, कळलं,” मालक प्रेमाने म्हणाले. “खऱ्या भक्ताला असंच वाटतं. किल्ली राहू द्या तुमच्याकडे. आणि तसबीर मागच्या काचेला लावू, म्हणजे कुणाच्या अंगावर पडायला नको.”

“मालक, मी खरंच सांगतोय—”

मालकांनी आदराने काच वर केली.

मास्तर त्या बंद काचेकडे बघत राहिले. मग त्यांनी मागच्या काचेचा विचार केला. देव तिथे असले तर मंडळी निदान आरशात तरी बघतील. म्हणजे चालेल.

सिग्नल सुटला. आता मालकांकडे जायचं काम उरलं नव्हतं. घराकडचं वळण आलं आणि मागे गेलं.

“अगं, वळण राहिलं! कुठे निघालीस?”

“माहीत नाही,” बायको म्हणाली आणि तिने वेग वाढवला. “बसा ना तसेच.”

मास्तरांचा एक पाय खाली यायला निघाला होता. त्यांनी तो हाताने धरून पुन्हा मांडीत घातला.