आप्पांचे दुसरे अपील

आयुष्यभर इतरांची उत्तरे तपासणाऱ्या शिक्षकाने साठीनंतर स्वतः लिहू पाहावे, हे धार्ष्ट्यच. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. परंतु शेजारच्या भटू आप्पांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

आप्पा प्रत्येक गोष्टीची आधी वर्गवारी करतात : हा तथ्याचा प्रश्न की कायद्याचा? दुसऱ्या अपिलात उच्च न्यायालय केवळ कायद्याच्या प्रश्नात लक्ष घालते, असे त्यांना वकिलांनी एकदा समजावले. तेव्हापासून आमच्या प्रकाशा गावात तथ्यांना थारा उरला नाही.

"भाजी खारी व्हयनी, हाई तथ्य शे," जेवताना ते काकूंना म्हणाले. "पन ती खावानी का नई, हाऊ कायदाना प्रश्न!"

"मंग आज कायदाच खा," म्हणून काकूंनी ताट उचलले.

प्रकरण असे. आप्पांचे शेत थोरल्या भावाच्या, म्हणजे दादांच्या, शेतामागे आहे. दुसरा रस्ता नसल्याने वाटणीपासून आप्पा दादांच्या खळ्यावरून जात. पुढे मागच्या बाजूने डांबरी रस्ता झाला. दादांनी जुनी वाट नांगरून केळी लावली, आप्पांनी दावा लावला आणि भावांचे बोलणे थांबले. नवा रस्ता झाल्यावर जुन्या वाटेचा हक्क संपतो का, एवढाच वाद. खालच्या दोन्ही न्यायालयांनी 'संपतो' म्हटले.

"आप्पा, वावरपावत डांबर शे, मंग चिखल कसाले मांगतस?" लोक टपरीवर चिडवत.

"तुले समजाव नई. मोठा कायदाना प्रश्न शे."

उच्च न्यायालयातल्या सुनावणीला सोबत म्हणून मी गेलो होतो. चांगला रस्ता असताना या वाटेची निकड काय, असे न्यायमूर्तींनी विचारले. वकिलांनी पाने उलटली. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उद्भवत नाही, म्हणून अपील फेटाळले गेले.

परतताना बसमध्ये मी भीत भीत तेच विचारले.

"दादा खळामा बसस, गुर्जी. जाता-येता इचारे, 'का रे भट्या, चहा पिना का?' डांबरवर कोन इचारस?"

"मग हे वकिलांना का नाही सांगितलेत?"

"कसं सांगू? हाई तर तथ्य शे. तठे चालस नई."

आज सकाळी ते कोरा कागद घेऊन आले. "हक गया, गुर्जी. आते परवानगी मांगू. चिठ्ठी लिखा. रोज येक फेरा, पायी. केळीले हात लावाव नई."

मजकूर लिहून झाला आहे. मायना तेवढा राहिला आहे. वकिलांकडे पाठवायचे आप्पांचे सगळे कागद मीच लिहीत आलो. त्यांत दादांचा उल्लेख मी नेहमी 'प्रतिवादी' असाच केला. आता काय लिहू, असे विचारले, तर आप्पा मान खाली घालून म्हणाले, "तोंडवर 'दादा' म्हनाले कितला साल व्हयनात. त्याले चालई का?"

वाचकहो, माझ्या जागी आपण असता, तर काय लिहिले असते?